साखळी उलटी बसली होती

प्रिय कुट्टप्पा,

हे पत्र मी सांगतेय आणि तुझी आई लिहितेय, हे अक्षरावरून तुला कळलंच असेल. मला लिहिता आलं असतं तर माझं अक्षर याहून बरं आलं असतं, असं मी आत्ताच तिला म्हटलं. ती म्हणाली, "आत्याबाई, हेही लिहू का?" लिही म्हटलं. मी बोलेन ते सगळं उतरवायचं, आपल्या मनाने गाळायचं नाही, असं आमचं बसतानाच ठरलंय. आम्ही स्वयंपाकघरात आहोत. चुलीवर बांबूच्या कोंबांची भाजी आहे आणि ती ढवळायला माझी ही सून, देचम्मा, पेन ठेवून मधूनमधून उठते, तेव्हा एखादं वाक्य तुटलेलं दिसलं तर दोष भाजीला दे. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू फार गोड बोलतोस, बाबा. माझं एक वाक्य होईस्तोवर तुझी चार होतात आणि मी मुद्द्यावर आले की तुमच्या बंगळुरात नेमकी रेंज जाते.

आधी डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगते. डोळा छान झालाय. इतका छान की शेजारच्या चोंदम्माला कुंपणापलीकडे बघितलं आणि हिचं नाक एवढं मोठं होतं हे मी विसरूनच गेले होते असं वाटलं. तुझ्या आईचे कानामागचे केस पिकलेत, तेही मला इतके दिवस कुणी बोललं नव्हतं. मैसूरच्या दवाखान्यात तू माझ्या उशाशी बसलास, थेंब घातलेस, नर्सला माझ्या नावाने खोटंच रागावलास. वॉर्डातल्या सगळ्या बायकांना मी सांगितलं की हा माझा नातू, याच्या हट्टामुळे मी इथे आले, नाहीतर आंधळीच मेले असते. डिस्चार्ज मिळाल्यावर तू मला तुझ्या आत्याकडे सोडलंस आणि म्हणालास, "आजी, घाई करू नकोस. चुलीच्या धुरात इतक्यात जायचं नाही, मैसूरलाच राहा." आयुष्यात मी फार कमी माणसांचं ऐकलंय. तुझं ऐकलं.

नव्या डोळ्याने मी आपली चेनसॉ पहिल्यांदा नीट बघितली. आठवते का तुला तिची खरेदी? गोणीकोप्पलच्या दुकानात तू शिरलास तो थेट सगळ्यात लांब पात्याच्या मशीनकडे, जसं काय तुला अख्खं रान झोपवायचं होतं. मी म्हटलं, आपल्याला काय कापायचंय ते आधी बोल. पावसात वाटेवर पडलेल्या फांद्या, कॉफीवर सावली जास्त झाली तर सिल्व्हर ओकचे हात, आणि चुलीचं सरपण. त्याला हातभर पातं पुरतं. विजेवर चालणारी घेऊ म्हणालास, तर मी विचारलं, वारा सुटला की आपली वीज आधी जाते की फांदी आधी पडते? दुकानदार हसला. मग मी एकेक मशीन उचलून छातीसमोर धरलं आणि त्याला म्हटलं, आता तू हिचे गुण सांग, माझा हात थरथरला की थांब. एका मशीनचे गुण त्याला अर्ध्यातच सोडावे लागले. जी पेलली ती घेतली. तीही त्याच्याकडे साखळी, प्लग, गाळणी सगळं मिळतं याची खात्री करून, कारण ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत त्या मशीनपेक्षा कोयता बरा. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "आजी, बायका साडीसुद्धा एवढी पारखून घेत नाहीत." मी म्हटलं, साडी पाय कापत नाही.

तिला चालवायचं तुझ्याकडे आणि सांभाळायचं माझ्याकडे, अशी आपली वाटणी होती. तुझ्या आजोबांची बंदूक मी सांभाळायची तशीच. पेट्रोलमध्ये तेल किती, हे मी वासावरून ओळखायला लागले. कापून आलास की आधी झाकण काढून आतला भुसा ब्रशने झटकायचा, गाळणी धुवायची, पातं दर खेपेला उलटवून बसवायचं म्हणजे एकाच बाजूने झिजत नाही. दात मी गोल कानशीने घासायची, चाचपून, प्रत्येकाला सारखेच हात. एका बाजूचे दात जास्त घासले गेले की मशीन वाकडं कापतं. तुला मी एवढंच शिकवलं की पात्याचं टोक कशाला टेकू द्यायचं नाही, टेकलं की ते उसळून तोंडावर येतं. आणि उभं झाड कसं उतरवायचं, तेही. पडायच्या बाजूला आधी खाच, मग मागून काप, मध्ये दोन बोटं लाकूड न कापता राखायचं, म्हणजे झाड दार बिजागरीवर फिरावं तसं हळू खाली येतं. हे माझं नव्हे, तुझ्या आजोबांचं. ते कुऱ्हाडीने करायचे.

त्यांचं नाव निघालं म्हणून आंब्याकडे येते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी घराखालच्या उतारावर दोन आंबे लावले आणि मला म्हणाले, एक माझा, एक तुझा, जो आधी जाईल त्याच्यासोबत त्याचा. नवी नवरी मी, मला वाटलं हा माणूस प्रेमाचं बोलतोय. तो सरपणाचं बोलत होता. त्यांचा आंबा त्यांच्याबरोबर चितेत गेला. माझा उभा राहिला, आंबट फळांचा, आळशी, एका वर्षाआड धरणारा, अगदी माझ्यासारखा. मग तू उतारावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला काढल्यास. खोलीच्या खिडकीतून दरी दिसायला हवी आणि मध्ये माझा आंबा. तू विचारलंस, मी नाही म्हटलं. तू पुन्हा विचारलंस, नकाशा दाखवलास, पाहुण्यांना धुकं किती आवडतं ते सांगितलंस. मी म्हटलं, थोडा थांब, मी गेले की तो तसाही जाणार आहे, तेव्हा तुझी खिडकी मोकळी होईल. तू माझे पाय धरलेस आणि म्हणालास, "तू आहेस तोवर त्याला हात लावणार नाही, आजी." मला वाटलं, विषय संपला.

मैसूरला तुझा फोन आला, वादळात आंबा उन्मळून पडला म्हणून. तुझा आवाज कापत होता, उलट मीच तुझी समजूत काढली. तू म्हणालास, ठेकेदाराची माणसं बोलावून ओंडके हलवले, फळ्या पाडून घेतल्या, वाया काही जाऊ दिलं नाही. मग तुझ्या आत्याच्या फोनवर टेबलांचे फोटो पाठवलेस. माझ्या चितेवर तुझे पाहुणे ऑम्लेट खाणार, असं मी म्हटलं आणि आम्ही दोघी हसलो. चांगलं केलंस, असंही मी तुला म्हटलं होतं. ते वाक्य मला परत हवंय.

आता दिव्याच्या खोलीत चल. भाताची लावणी सुरू झाली की बंदुका आणि कोयते तिथे जातात आणि कैलपोळदच्या सणाला त्यांची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही, हे तुला मी सांगायला नको. चेनसॉ घरात आली त्या वर्षीच मी तिलाही तिथे बसवलं. तू हसला होतास, "मशीनला गंध लावणार?" म्हणून. या वर्षीही मैसूरला निघायच्या आधी मी स्वतः तिला साफ करून, दात घासून, बंदुकांच्या शेजारी ठेवून गेले. त्या खोलीला कडी आहे, कुलूप नाही. आपल्यापैकी कुणी तिथे कुलूप लावत नाही, कारण दिव्यासमोरची वस्तू घरचं माणूस उचलेल असं कुणाच्या मनातच येत नाही. माझ्याही आलं नाही.

परवा सणासाठी पुसायला म्हणून मी तिला बाहेर आणलं. वरून लखलखीत, गंधसुद्धा लावलेलं. पण साखळी उलटी बसली होती. पात्याच्या वरच्या कडेवर दातांची धार पुढे टोकाकडे बघायला हवी, ती मुठीकडे बघत होती. मी बसवलेली साखळी दिव्याच्या खोलीत बसल्याबसल्या तोंड फिरवत नाही. कुणीतरी ती काढली, घाईत पुसली आणि घाईत चढवली. तू पहिल्यापासून तिथेच चुकतोस. झाकण उघडलं तर आत भुसा ठासून भरलेला, ओलसर, पिवळट. नाकाशी नेला. कैरीच्या देठाचा वास मला ओळखू येणार नाही तर कुणाला येईल.

तरी मी तुझी बाजू घेतली बरं का. म्हटलं, पडलेल्या झाडाच्या फांद्या कापल्या असतील पोराने आणि दिव्यासमोरून मशीन उचललं म्हणून सांगायची लाज वाटली असेल. म्हणून कुंपणाशी जाऊन चोंदम्माला विचारलं, काय गं, वादळ फार मोठं झालं का? ती म्हणाली, "कसलं वादळ? त्या आठवड्यात माझ्या चुलीचा धूर काठीसारखा सरळ वर जात होता. तुमच्याकडे मशीन मात्र दिवसभर ओरडत होतं." मग माझं तोंड बघितलं आणि तिला एकदम कोंबड्यांना दाणे टाकायची आठवण झाली.

काल देचम्मा विराजपेटला लग्नाला गेली होती. मी खुरपं घेऊन उतारावर गेले. तू सांगितलंस की खड्डा बुजवला. खड्डा नव्हताच. मातीचा उंचवटा होता आणि त्यावर निळ्या हायड्रेंजियाची रोपं. ती बाजूला करून मी माती ओढली, तर खाली बुंधा निघाला, मुळांसकट जमिनीत घट्ट. उन्मळलेल्या झाडाचा बुंधा असा बसून राहत नाही. दरीच्या बाजूला खाच, मागून काप, मध्ये दोन बोटं लाकडाचे तुटलेले तंतू. पातं लहान पडलं म्हणून तू दोन्हीकडून आत गेलास, तेही दिसलं. काप मात्र सुरेख होता. शिकवलेलं वाया गेलं नाही. मी तिथे मातीत बसले आणि मैसूरचा एकेक दिवस आठवून बघितला, तू घातलेला प्रत्येक थेंब. त्यातला डोळ्यासाठी किती होता आणि खिडकीसाठी किती, हे मला आता वेगळं करता येत नाही. तू मागितलं असतंस आणि मी मरेपर्यंत नाहीच म्हटलं असतं, हे खरं. पण मग तू निदान माझ्याशी भांडला असतास.

आणि ती रोपं. तुला कोबी आणि हायड्रेंजिया यातला फरक कळत नाही. फांदी तिरकी छाटून, खालची पानं काढून, मुळाशी नारळाची शेंडी घालून लावायची पद्धत या घरात एकाच बाईची आहे. आत्ता पेन थांबलंय. भाजी ढवळायला नव्हे, भाजी मघाशीच उतरवली. मी म्हटलं, लिही देचम्मा, ठरलंय आपलं. ती म्हणाली, "आत्याबाई, त्याने मला शपथ घातली होती." हेही लिही म्हटलं.

तर आता पत्र कशासाठी, ते. सणाच्या सकाळी दिव्यासमोर बंदुका मी एकेकाच्या हातात देते, तुझे आजोबा गेल्यापासून हे माझंच काम आहे. तुझी पाळी येईल तेव्हा मी सगळ्यांदेखत एकच गोष्ट विचारणार आहे, आंबा कुणी पाडला. वारा म्हणालास तर बंदूक परत भिंतीवर जाईल आणि माझ्यासमोर पुन्हा हात पुढे करू नकोस. खरं बोललास तर बंदूक देईन. त्यापुढचं काही मी कबूल करत नाही. पण हे चार ओळींत पोस्टमास्तरानेही लिहून दिलं असतं, आणि त्याचं अक्षर चांगलं आहे. मी तुझ्या आईला बसवलं, कारण तू परगावी राहतोस, आणि हिच्या हातचं मी रोज जेवते. हिला तोंडावर विचारायचं मला जमलं नाही, म्हणून तिच्याच हाताने लिहवून घेतलं. आता यातलं किती कागदावर उतरलंय ते मला ठाऊक नाही. पेन चालताना दिसतं, या डोळ्याने अगदी स्पष्ट दिसतं, पण तिने इथे पाऊस बरा आहे आणि मिरी चांगली धरलीय एवढंच लिहिलं असेल तरी मला कळणार नाही. ते तुझ्याकडे बघून कळेल. तू हसत हसत पेढे घेऊन दारात उतरलास, तर या घरात माझं कुणी नाही असं मी समजेन. आणि मान खाली घालून, उत्तर तयार ठेवून आलास, तर दोघांपैकी एक मला उरली. शेवटी काय लिहू, असं ती विचारतेय. नेहमीचंच लिही, म्हटलं.

तुझीच,
मुद्दव्वा आजी