रिकाम्या वाफ्यातला झेंडू

१२ नोव्हेंबर ९४
रजेवरून आले तर माझ्या रिकाम्या वाफ्यात झेंडू! प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "कंपनी के लोगां आरे अम्मा, खाली जमीन अच्छी नै दिखती." डोकंच फिरलं. मुद्दाम रिकामा ठेवलेला तो. पिकाखालची ओल घटते ती सगळी मुळंच पितात असं थोडंच आहे? भेगांतूनही उडते. रिकाम्या वाफ्यातली घट वजा केली की मुळांचा वाटा कळतो. आता काय वजा करू, माझं कपाळ?

१९ नोव्हें.
जमिनीत पुरलेल्या नळ्यांत ओल मोजायचं यंत्र सोडून मोजणी. ज्वारीखाली चार फुटांवरही ओल घटतेय. सर खूश: मुळं चार फूट! म्हटलं, सर, काळी माती आहे, भेगेत हात जातो. त्यांनी वहीत 'चार फूट' लिहूनही टाकलं. बियाणं कंपनीचं, प्रयोगशाळेची नवी इमारतही कंपनीच्याच पैशांनी. मग काय!

३ डिसें.
अहवाल टाइप होऊन आला. 'खोल मुळांचं, कमी पाण्यात तगणारं वाण.' खाली सहीला माझं नाव. माझी नेमणूक मार्चपर्यंत, पुढची सरांच्या हातात. बसमध्ये काचीगुड्यापर्यंत तेच डोक्यात. यावर विसंबून कुणी कोरड्या रानात पेरलं तर...

४ डिसें., रवि.
नवऱ्याला विचारलं. माधव पेपरातून मान वर न करता: "सही करून टाक की. जमिनीखाली कोण खणून बघणारे?" भांडी आपटत घासली. पण रागातच सुचलं. खणूनच बघते.

७ डिसें.
ज्वारीच्या ओळीला लागून खड्डा खणून घेतला. कड पाण्याने हळूहळू धुतली. मुळं अडीच फुटांतच संपली, खाली नुसत्या भेगा. माझंच खरं निघालं, आनंद व्हायला हवा होता. रडू आलं. सरांनी वाकून पाहिलं, मुळाचं टोक बोटानं चाचपलं. मग म्हणाले, "शुक्रवार को कंपनीवाले आरे. इसको भर देओ."

८ डिसें.
खड्डा बुजवायला माणसं आली, मी परत पाठवली. सरांचा निरोप: उद्या सही केलेला अहवाल टेबलावर हवा. माधवला सांगितलं. टीव्ही बंद करून म्हणाला, "आणि मार्चनंतर?"
जुना पंजाबी ड्रेस काढून ठेवलाय, खड्ड्यात उतरायला बरा. उद्या कंपनीच्या पाहुण्यांना खड्डा मीच दाखवीन म्हणते. पर्समध्ये अहवाल आहे, अजून सही न केलेला. पेनही टाकलंय.