मुरड्या शिंगांची रेडी

तीर्थरूप कृष्णातदादांस,

धाकट्या बहिणीचा, बाळाबाईचा, वाकून नमस्कार. नेसरीच्या थंडीत तुमचा गुडघा काय म्हणतो? नृसिंहवाडीला तुमच्या नावानं नारळ वाढवला. प्रसादाची वाटी इथंच संपवली, टपालात खवट झाली असती.

इकडं खुशाली बेताचीच. आमची गौरा म्हैस गेल्या महिन्यात गेली. सासूबाईंच्या माहेरून आलेल्या म्हशीची ती सहावी पिढी. अस्सल पंढरपुरी, शिंगं पार खांद्यामागं, तलवारीसारखी. ह्यांनी तिला पोरीसारखं जपलं (पोरीला एवढं जपलं नाही, हे भाग्यश्री स्वतःच सांगते). आता मागं राहिली तिची दोन वर्षांची रेडी, आणि तिची शिंगं कानामागं जिलबीसारखी मुरडलेली! पाडव्याला म्हशी मिरवायला काढल्या, तर शेजारची धोंडुबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "वैनी, म्हैस हाय की मेंढा वो?"

चूक माझीच, दादा. हे शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात, इकडं गौरा माजावर आलेली, आणि जनावरांचा डॉक्टर दारात विचारतोय, "मावशी, कुठल्या जातीनं भरवायची? पंढरपुरी की मुऱ्हा?" मी दर विचारला. म्हणाला, सारखाच. दूध? म्हणाला, मुऱ्ह्याचं जास्त. मॅट्रिक झालेली बाई आणखी काय करणार! शिंगांचं विचारायचं सुचलंच नाही. ह्यांना उद्या सांगू म्हटलं, तो उद्या काही आला नाही.

भाग्यश्री शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणते, अर्धे गुण आईचे, अर्धे बापाचे. दर पिढीला पत्ते नव्यानं पिसायचे (आमच्या घरी पत्ते चालत नाहीत, तरी ऐकून घेतलं). मध्येच जनुकात एखादी चूक होते. ती निभली तर नवा गुण म्हणून टिकते. आणि कळप पिढ्यानपिढ्या एकमेकांपासून तुटून राहिले, की शेवटी प्राणीच निराळा होतो. "आपली अजून म्हैसच आहे, आई," म्हणाली. तेवढाच धीर.

आमचा लेक विजयसिंह मात्र म्हणतो, "आईचं वळणच न्हाई, तर ठेवायची कशाला? विकून टाकू की." खरंच, मला त्या शिंगांकडं बघवत नाही. वैरण टाकते तीसुद्धा मान फिरवून.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची
बाळाबाई

ता. क. : विजयसिंहचा फोन येईल. रेडी तुम्ही घेतलीय, गोठा बांधून होईपर्यंत आमच्याकडं ठेवलीय, असं सांगा. मी तसं सांगून बसलेय. (अंबाबाईपुढं कान धरून आलेय.)

आणखी एक : उगाच खरोखर न्यायला येऊ नका. हाक मारली की ती रेकायच्या आधी एकदा शिंकते, अगदी गौरासारखी. भाग्यश्रीला विचारलं, हे कुठल्या अर्ध्यातलं गं? ती पदर खोचून शेण भरायला लागली.