पितळ, कातडे, लाकूड आणि रबर

मूल, जि. चांदा
ता. १९ फेब्रुवारी १९५६

वडीलधारे दसरूभाऊ यांस,

वारलूचा पाया पडून नमस्कार. नागपूरची थंडी ओसरली असेल आणि तिच्यासोबत तुमच्या गुडघ्यांचे दुखणेही गेले असेल, अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहेत. (मामीजींचा, म्हणजे तुमच्या मातोश्रींचा, पाय मोडला आहे. पण घाबरू नका, सगळे चांगले झाले आहे. हे पत्र मी आनंदानेच लिहून राह्यलो आहे.)

ठेकेदारांनी जीप घेतली आणि त्यांची जुनी, चौतीस सालची मोटार डेपोच्या मुनिमाला म्हणजे मला दिली, हे तुम्ही जाणताच. दिवाळीत तुम्ही तिच्यात बसून सावली गावाला गेलात आणि उतरल्या उतरल्या म्हणालात, 'हे विकून बैलबंडी घे.' तो शब्द मला फार लागला. भाऊ, दोष मोटारीचा नव्हता. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, टोकांना जे डोळे असतात, त्यांत बोल्टावर बसणाऱ्या बोटभर नळ्या, म्हणजे बुश, झिजून कागद झाले होते. असे फक्त सहा. सहा नळ्यांपायी कोणी मोटार विकते काय? कंपनीचे तर कुठेच मिळेनात, म्हणून घडवायचे ठरवले. पण कशाचे?

तुम्ही मग पत्रातून दिलेल्या सल्ल्याने आधी पितळेचे केले, चांद्याहून खरादावर कातून आणले. देखणे दिसत. पण रस्त्यातला एकेक खडा थेट दाढेपर्यंत पोचायचा. वच्छलेने मांडीवर धरलेल्या गडव्यातल्या दह्याचे सावलीपर्यंत ताक झाले, वर लोणी आले. (तुमची बहीण मला एवढेच म्हणाली, 'आता रवी कायले पायजे?') मग तेलात मुरवलेले कातडे घातले. गाडी मऊ चालली, पण नव्या वहाणांसारखी करकरू लागली, आणि बाजारात लोक कोण साहेब आला म्हणून उठून उभे राहू लागले. मला ते आवडतही होते, पण चौथ्या दिवशी कातडे चेपून पापडासारखे झाले. मग धावड्याचे लाकूड घेतले. बंडीचा आस त्याचाच करतात, तेव्हा मला वाटले, आता जन्माची चिंता मिटली. एक नाला ओलांडला आणि लाकूड असे फुगले की पाटे हलेनात. गुलाम रसूलला (आमच्या बाजारातला पंपदुरुस्तीवाला, हाताचा फार हुशार) ते बुश शेवटी जाळून काढावे लागले.

राहिले रबर. ट्रकच्या जुन्या टायरातून त्याने सहा बुश कापले आणि साबणाचे पाणी लावून दाबून बसवले. (तेल लावू दिले नाही. म्हणे तेलाने रबर सडते.) एका मैलात सहाही पिळून फाटले. मी गाडीला हात जोडले, आणि त्याच घटकेला व्याहाडहून निरोप आला की मामीजी धानाच्या पोत्याला अडखळून पडल्या, मांडीचे हाड मोडले, आजच्या आज चांद्याला नेऊन हाडाचा फोटो काढायचा आहे. बंडीने दोन दिवस लागतात. मोटारबसवाला निजलेले माणूस घेत नाही, आणि आगगाडी सकाळीच निघून गेली होती. वच्छला अंगणात बसून रडत होती. भाऊ, त्या वेळी मला बंडी न घेतल्याची लाज वाटली.

गुलाम रसूलने गाडी वर उचलून नवे सहा बुश बसवले आणि तो बोल्ट कसू लागला. त्याची बायको हाजरा चहा घेऊन आली होती. ती वाकून पाहत म्हणाली, "लटकवून काऊन कसता जी? निजून नेसलेली साडी उभं राह्यल्यावर फिटनच ना!" गुलाम रसूलने कसलेले बोल्ट पुन्हा ढिले केले. मग त्याने गाडी चाकांवर उतरवली, मागे चार माणसे बसवली आणि पाटे वजनाने दबल्यावर बोल्ट कसले. रबर पिळलेच नाही!

व्याहाडला पोचलो, तर सावलीहून आलेल्या कंपाउंडरने मामीजींच्या पायाला बांबूच्या पट्ट्या बांधल्या होत्या; त्यांना मागच्या सीटवर आडवे केले. निघताना त्यांनी जवाई या जातीबद्दल जे सांगितले ते लिहीत नाही. सावली गेले, मूल गेले, चिचपल्लीचे खड्डे आले. मागून हूं की चूं नाही. मी गाडी थांबवून वळलो. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "काऊन जवाईबापू, अजून निघालो नाई काय?"

भाऊ, पंधरा वर्षांच्या संसारात मला असा शब्द मिळाला नव्हता! डॉक्टरांनी हाड नीट जुळवून प्लास्टर घातले आहे. गुलाम रसूल बाजारात छाती काढून फिरतो, हाजरा त्याच्याहून जास्त.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
वारलू

ता.क. सावलीच्या कंपाउंडरने काल सहज सांगितले की निघण्याआधी त्याने मामीजींना झोपेचे औषध दिले होते. दीड मात्रा. हे वच्छलेला मी सांगितलेले नाही.

ता.क. दुसरा. प्लास्टर निघाले की मामीजींना तुमच्याकडे यायचे आहे. शंभर मैल, याच मोटारीतून, पुढच्या सीटवर, जाग्या. तरी 'नागपूरचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद आहे' अशी तार ताबडतोब करा. तार त्यांच्या नावाने करा. माझ्या नावाने आली तर त्या म्हणतील, जवाईबापू, जा आणि तेवढा रस्ता नीट करून या.