माझा वेग घरी कळू देऊ नकोस

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. गुडघे सध्या नीट वाकत नाहीत, तेव्हा उभ्या उभ्याच समजून घे.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून मुक्कामालाच आहे? इकडे सगळे मजेत, म्हणजे बाकीचे मजेत आहेत आणि मी पळते आहे. हे फोनवरच सांगणार होते, पण मी फोन उचलला की घरातल्या प्रत्येकाला नेमकं त्याच खोलीत काहीतरी शोधायचं असतं, म्हणून पत्र.

तर झालं असं, की दवाखान्यात दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढणाऱ्या तुझ्या बहिणीचं रक्त एकदा डॉक्टरांनी तपासलं, आणि त्यात नको तेवढी साखर निघाली. (इतकी वर्षं या घरात गोड बोलून काढली, ती कुठेतरी साठणारच.) डॉक्टर म्हणाले, पळा. पन्नाशीच्या बाईने कुठे पळावं हे काही ते बोलले नाहीत, पण समुद्र आमच्या घरामागेच आहे. पहिल्या दिवशी होड्यांच्या शेडपर्यंत गेले आणि एका उपड्या होडीला धरून उभी राहिले. जाळं सांधत बसलेल्या बाईने पाणी दिलं आणि हळूच विचारलं, घरी काही भांडण झालंय का.

पण ताई, मला ते आवडायला लागलं. ओल्या वाळूत पाय पडत असतो, लाट येऊन बूट भिजवून जाते, आणि माझा चष्मा कुठे, माझा रुमाल कुठे असं विचारणारं मैलभर कोणी नसतं. दिवसातला तेवढाच वेळ माझा. त्यात गंमत अशी, की मी धापा टाकत परत येईपर्यंत इतका उशीर व्हायचा की घराचा अगदी नाइलाज झाला. यांना चहा करता यायला लागला. चिरंजिवांना (मिशा आल्या, नोकरी आली, मोजे मात्र अजून सापडत नाहीत) गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं याचा शोध लागला. सासूबाई त्या दोघांच्या हातचा चहा तोंड वाकडं करून का होईना, तळापर्यंत प्यायला लागल्या. मला वाटलं, चला, साखरेने घराचं भलं केलं.

पुढे मात्र पाय सुधारले. शेड मागे पडली, मग बर्फाच्या कारखान्याची भिंत, मग दीपगृह, आणि तिथून वळून येतानाही दम उरायला लागला. किनाऱ्यावर आमच्या तळमजल्यावरचे विमावाले भेटायचे. त्यांच्याकडे नाडी सांगणारं घड्याळ आहे, कमरेला बाटल्यांचा पट्टा आहे, पोटरीला आवळणारे मोजे आहेत. नाही ती फक्त पळायची सवय. ते चार पावलं पळतात आणि उरलेला वेळ श्वास कसा घ्यावा हे श्वास लागलेल्या माणसांना सांगतात. त्यांचं ऐकायला नको म्हणूनही माझा वेग बराच वाढला असावा.

आणि एक दिवस परत आले तर चहा झालेला नव्हता. यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून सांगितलं, की हल्ली तू लवकरच येतेस, म्हटलं उगाच कशाला. दुसऱ्या दिवशी डबे माझ्यासाठी थांबले, तिसऱ्या दिवशी इस्त्री. मी जितक्या जोरात पळायचे, तितकं घर पूर्वीसारखं लुळं पडायचं. घाम माझा, वाचलेला वेळ घराचा! तेव्हा मी शहाणी झाले. दीपगृहापर्यंत सुसाट जायचं, तसंच परत यायचं, मग बांधावर बसून पाय हलवत समुद्र बघायचा, आणि उशीर झाल्याची खात्री झाली की जिन्यात धापा टाकत वर यायचं. चहा पुन्हा सुरू झाला.

एवढ्यात इथल्या व्यापारी मंडळाने किनाऱ्यावर हौशी लोकांची शर्यत ठेवली आणि यांनी मोठ्या उत्साहाने माझं नाव दिलं. सगळं घर बघायला येणार म्हटल्यावर मी हळूच पळायचं ठरवलं होतं, देवाशप्पथ. पण विमावाले पुढे जाता जाता मागे वळून म्हणाले, "वहिनी, सावकाश या, मी शेवटी थांबतो तुमच्यासाठी." माझं डोकंच फिरलं. कारखान्याच्या भिंतीपाशी त्यांना मागे टाकलं. (ते घड्याळ बघत होते. घड्याळ त्यांना शाबासकी देत असावं.)

शेवटची दोरी ओलांडली आणि बघते तर आमचं कोणीच नाही. हे आणि चिरंजीव मला रोज घरी यायला लागणाऱ्या वेळेचा हिशेब धरून आइस्क्रीम खायला गेले होते. खोटं कशाला बोलू, लपवायचंही होतं आणि कोणीतरी बघायलाही हवं होतं. मग काय, तंबूच्या मागून गुपचूप मागे गेले, शेवटून येणाऱ्या आजोबांच्या घोळक्यात मिसळले आणि लंगडत लंगडत पुन्हा एकदा आले. यांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "बघ, अगदी माझ्या अंदाजाप्रमाणे!" विमावाले शेजारीच होते, पण ते कशाला बोलतील? बोलायचं तर आधी कोण मागे राहिलं ते सांगावं लागेल.

संध्याकाळी सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या आइस्क्रीमला गेल्याच नव्हत्या, दात दुखतात म्हणून. तंबूतल्या खुर्चीवर बसून होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पहिल्यांदा आलीस तेव्हा छान दिसत होतीस गं." आणि थोड्या वेळाने, "दुसऱ्यांदा ते लंगडणं जरा जास्तच झालं." मला एकदम रडूच आलं, आणि त्यांनी शेंगांची परात माझ्यापुढून लांब सरकवली.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. : खरं काम राहिलंच. तुमच्याकडच्या त्या दुकानातून मऊ तळव्याचे, पाच नंबरचे बूट घेऊन दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव. माझ्यासाठी नव्हेत, सासूबाईंसाठी. हे तुला फोन करून माझ्या पायांविषयी विचारतील, तेव्हा आपल्या माहेरी सगळ्याच बायका सावकाश, असं ठणकावून सांग.

ता. क. २ : काल सासूबाई चपला घालूनच माझ्याबरोबर किनाऱ्यावर आल्या. बांधावर बसून बराच वेळ समुद्र बघितला. मी म्हटलं, आई, निघू या, उशीर होतोय. तर म्हणाल्या, "होऊ दे. आणखी थोडा उशीर केला तर माझा मुलगा स्वयंपाकही शिकेल."