न खाल्लेल्याची चव

निपाणी, बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

वृषभने नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर माझ्याविषयी जे निवेदन प्रसृत केले आहे, त्यात तथ्य कमी आणि फुलांची चित्रे अधिक आहेत. माझी शस्त्रक्रिया दहा जानेवारीस झाली नसून सतरा जानेवारीस झाली. मी 'पोट बांधून' घेतलेले नाही. बांधतात ते गाठोडे. माझ्या जठराचे चार भाग कल्पिल्यास त्यांतील तीन कापून शरीराबाहेर काढले आणि उरलेल्या चौथ्याची केळ्याएवढी नळी शिवली. जो मजकूर दोनशे नातलग वाचणार, तो लिहिण्यापूर्वी रुग्णाला विचारावा, एवढी बुद्धी माझी पुतणी पद्मावती हिच्या नवऱ्याला असावी, ही अपेक्षा मी लग्नातच सोडली होती.

कापलेल्या भागाचे काय केलेत, असे मी बेळगावच्या शल्यविशारदांना विचारले होते. तो रुग्णालयीन कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून गेला, असे ते म्हणाले. भूक उत्पन्न करणारा रस त्याच भागात तयार होतो, तेव्हा भूकही त्याच पिशवीतून गेली असे समजा, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. सहासष्ट वर्षे ज्याने लग्नांच्या पंगती पेलल्या, त्याला हा निरोप!

एरवी आजचा दिवस उत्तम गेला. माझ्या हिंडलग्याच्या घराचा जिना मला चढवत नाही, म्हणून तीन महिने येथेच पद्मावतीकडे राहायचे ठरले आहे. खोली तळमजल्यावर, खिडकी पूर्वेला, खिडकीबाहेर कडुलिंबाचे झाड. पद्माने उंबऱ्यावर माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि "लई वाळलासा की वो अण्णा, वाऱ्यानं उडून जाशिला," असे म्हणाली. माझे वजन एकशे अठरा किलो आहे. प्रेमात अतिशयोक्ती क्षम्य असते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मुगाचे कढण तीन चमचे. चौथा चमचा छातीत अडकतो आणि बराच वेळ तेथेच बसून राहतो. पाणी जड लागते. दूध नासके लागते. पद्मा शपथेवर सांगते की ते ताजे आहे. प्रथिनांची भुकटी म्हणजे फळ्याखाली साचलेला खडू. अध्यापनात तो मी पुष्कळ गिळला आहे, परंतु त्याचे पैसे कोणी घेतले नव्हते. ज्या शिऱ्यासाठी मी पूर्वी दोन गावे ओलांडली असती, त्याच्या एका घासाने आज घाम फुटला, काळीज धडधडले आणि मी अर्धा तास आडवा झालो.

बेळगावच्या आहारतज्ज्ञ माधवीबाई दूरध्वनीवर म्हणाल्या, "टेस्ट चेंज होते सर, नॉर्मल आहे." सहा शब्दांच्या विधानात चार इंग्रजी. या बाईंच्या हाती माझे उरलेले जठर आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी एक विचित्र प्रकार घडला. सूर्यास्तानंतर मी अन्न घेत नाही. आमच्या जैन घरात कोणीच घेत नाही. मी स्वस्थ बसलो असता तोंडात चव आली. आधी प्लास्टिकची, मग भिजलेल्या राखेची. मी चूळ भरली. थोड्या वेळाने जिभेवर कुंदा पसरला. खवा नेमका किती करपवलेला आहे, हेही कळत होते. गोडाने आता मला घाम फुटतो. काल फुटला नाही. उलट तृप्ती वाटली. पोट मात्र रिकामे होते.

आठवण जिभेवर उमटते, असे कोणी भाबडा म्हणेल. मी भाबडा नाही. आठवणीला दातांत अडकण्याची सवय नसते, आणि मी काडीने दात कोरत होतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

शेजारी नागोजी राहतो. निवृत्त बसवाहक, दिवसातून दोनदा विनाकारण येऊन बसतो. आज आला तो नाक वर करूनच. म्हणे, "गुरुजी, तांबडा रस्सा कुठं वरपलासा? आमास्नी न्हाय बोलावलासा त्ये." मी कांदा-लसूणसुद्धा आयुष्यात खाल्लेला नाही, मग रस्सा कुठला, असे मी त्याला तीव्र शब्दांत सांगितले. तो हसत म्हणाला, "तोंडाचा वास काय खोटं बोलतोय व्हय? कुनाला न्हाय सांगत मी."

त्याने गल्लीभर सांगितले.

तथापि त्याचे नाक बरोबर होते. काल संध्याकाळी तिखट, तेलकट, लसणीचे असे काहीतरी घशाशी आले आणि त्यासोबत एक चव, जिला माझ्याजवळ शब्द नाही. मला शब्द नाही असे आजवर घडलेले नव्हते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

वजन एकशे चोवीस. काटा वृषभने दुकानातून आणलेला; दुसऱ्या काट्यावरही तेच. मी दिवसाला वाटीभर कढणावर आहे.

माधवीबाईंनी टिपण पाठवून निकाल दिला : घरची माणसे लाड करतात, गोड भरवतात. वृषभने तो निकाल वाचला आणि पद्मावर ओरडला, की टाके उसवून म्हातारा मेला तर सदलग्याचे तुझे भाऊ मला कोर्टात ओढतील. पद्मा रडत म्हणाली, "देवाशपथ न्हाय वो, त्यो शिऱ्याचा घास सोडला तर चिमूटभर साखर दिली न्हाय मी." मी मधे पडलो आणि वृषभला मूर्ख म्हणालो. त्याने माझ्या पोटाकडे पाहिले. 

काल मळीची चव होती. साखर कारखान्याच्या मागे वाहते ती काळी मळी.

कुंदा बेळगावचा. रस्सा काकतीपुढच्या ढाब्यांचा. मळी संकेश्वराकडची.

रस्ता एकच आहे. तो येथे येतो.

हे वाक्य मी खोडणार होतो. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, म्हणून ठेवतो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

कच्ची तंबाखू. जीभ भाजली. आज वृषभ सांगत होता की त्याच्या तंबाखूच्या वखारीत दोन बोदांचे, म्हणजे पोत्यांचे, तोंड फाडून कुणीतरी पाला खाल्ला, घुशी असतील. तंबाखू खाणारी घूस मला दाखव, असे मी म्हणालो. त्याने खांदे उडवले. पाला ओला झाला होता, चिकट, एवढेच त्याला आठवते. निरीक्षण म्हणजे काय हे या पिढीला शिकवलेच नाही.

सायंकाळी पिसे. मग ऊन, खारट —

नागोजीचे खुराडे रात्री रिकामे होते. कुत्रे आले, म्हणतो. रक्ताचा थेंब नाही, पीस नाही. कुत्रे इतके स्वच्छ जेवत नाही.

माझे पोट भरलेले आहे.

शनिवार, १ मार्च

दुपारी खोबरेल. मोगरा.

मी धावत — या देहाने जेवढे धावता येते तेवढे — स्वयंपाकघरात गेलो. पद्मा खिडकीशी टेकून पेंगत होती, वेणी गजांतून बाहेर. हाक मारली. तिने वेणी आत ओढली. शेपटा ओला होता. टोकाचे केस कुरतडलेले, गजरा नाही. "वासरू असंल गं बाई," असे स्वतःशीच म्हणून ती हसली. गल्लीत वासरू नाही.

ते माझ्यापर्यंत येत आहे. ते माझे आहे, पिशवीतून गेलेले. तिचे नाही.

खरे सांगितले असते तर तिने मला सोडले नसते. देवळात नेले असते, डॉक्टर बोलावले असते, शेजारी बसून राहिली असती. म्हणून मी ताट ढकलले. तुझ्या हातचे खाऊन ओकारी येते, असे म्हणालो. तुझ्या आईलाही स्वयंपाक येत नव्हता, असेही म्हणालो. वृषभला जे म्हणालो ते येथे लिहिण्याजोगे नाही, पण वाक्यरचना नेटकी होती.

"अण्णा, आसं बोलू नगासा," एवढेच ती म्हणाली. वृषभने गाडी काढली. आठवडाभर सदलग्यास राहतो, म्हाताऱ्याचे डोके ताळ्यावर आले की येऊ, असे म्हणाला. जेवण नागोजी आणून देईल.

नागोजीलाही दारातून हाकलले. फार सोपे गेले. हाकलण्याची मला सवय आहे.

रविवार, २ मार्च

काही खाल्ले नाही. वजन एकशे एकतीस.

लिंबाची साल. कडू. ती खिडकीबाहेर —

खिडकी लावली. आता चुना. भिंतीचा.

मध्येच गोड, आंबट, परत चुना. ते घाईत नाही. चावत नाही, चाटते. मला प्रत्येक वेळी बरे वाटते. हे लिहायला लाज वाटते : मी वाट पाहतो.

सोमवार, ३ मार्च

फिनेल. म्हणजे ओटी. पद्माने परवा पुसली होती.

माधवीबाईंच्या टिपणात पद्मावर ठपका आहे आणि वृषभ तो जन्मभर उगाळील. माझ्यामागे त्या दोघांचीच विधाने राहिली तर ती खरी मानली जातील. म्हणून तारखा दुरुस्त करून ठेवतो.

१७ जानेवारी — शस्त्रक्रिया. दहा नव्हे.

५ फेब्रुवारी — निपाणीस आलो. वजन ११८. टिपणात आगमन ३ तारखेस आहे. त्या दिवशी मी पिरनवाडीत विद्यार्थ्याकडे होतो.

१२ फेब्रुवारी — शिरा, एक घास. मी मागितला होता. तिने एकदा नको म्हटले होते.

१५ फेब्रुवारी — कुंदा. १४ ला 'घरी गोड दिले' अशी नोंद आहे. दिले नाही. १५ लाही दिले नाही.

१९ फेब्रुवारी — रस्सा. या घरात शिजला नाही.

२३ फेब्रुवारी — मळी.

२७ फेब्रुवारी — तंबाखू, कोंबड्या. कुत्रे नव्हते.

१ मार्च — ओकारी येते असे मी पद्मास म्हणालो. तारीख बरोबर. विधान चूक. तिच्या हातचे कढण हे एकच —

दाराची फळी. वार्निश.

२ मार्च — चुना. वजन १३१. तिने काही दिले नाही. ती येथे नव्हती.

३ मार्च — फिनेल. वार्निश. लोखंड, कडीचे. गोधडीचा कापूस.

एरंडेल. एरंडेल मी आज सकाळी माझ्या टाचांना —