निशाला सांगायचं राहिलं ते

लालबाग, बुऱ्हाणपूर
९ एप्रिल २०२५, दुपारी अडीच

चि. निशा हिला वहिनीचे आशीर्वाद.

तू आणि निरंजनराव बरे असाल असं धरून लिहिते. अकोल्याला ऊन आमच्यापेक्षा जास्तच असेल. इकडे नळ एक दिवसाआड येतो. आई आता दोन घास जेवतात. नाना सकाळी फिरायला जायला लागलेत, पण मैदानाच्या रस्त्याने जात नाहीत, स्टेशनकडून वळसा घालून येतात.

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. आई आत पडल्या आहेत, त्या उठायच्या आत लिहून संपवायचं आहे. फोनवर तू रडायला लागतेस, मग मी भाजी काय केली ते विचारते आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून कागद घेतला.

आपल्या रितेशचा मोबाइल तुझे दादा चालू ठेवतात. चौकातल्या भिंतीवर त्याने रंगवलेलं 'लेडीज स्कुटी ट्रेनिंग' अजून तसंच आहे, खाली नंबर. आठवड्यातून दोन-तीन बायकांचे फोन येतात. दादा उचलतात, "वो अभी नहीं सिखाते" एवढंच म्हणतात आणि ठेवतात. गेला, असं त्यांनी एकदाही कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

तुझं लग्न झाल्यावर त्याने हे काम सुरू केलं, त्यामुळे तू त्याला शिकवताना फारसं पाहिलं नाहीस. स्पीडच्या काचेवर वीसच्या आकड्याला तो टिकली चिकटवायचा. "टिकली के आगे काटा गया तो चाय तुमची." मग सीट धरून मागे धावायचा. धावता धावता गाणं, कुणाच्या सासूची नक्कल, बाजूने जाणाऱ्या केळीच्या ट्रकवाल्याला सलाम. आशाबाई अंगणवाडीवाल्या पंचावन्न वर्षांच्या. त्यांची मुलं हसत होती, आता या वयात कुठे म्हणून. रितेश त्यांच्या घरी जाऊन मुलांसमोर म्हणाला, "काकू शिकल्यावर तुमच्या मागे नाही बसणार, तुम्ही काकूंच्या मागे बसाल." पंधरा दिवस रोज सकाळी त्यांच्यामागे धावला.

मी सगळ्यांत मठ्ठ. दीड महिना झाला तरी माझे पाय खाली टेकायचे. कधी चिडला नाही.

आता सांगते.

डिसेंबरात, एका गुरुवारी सकाळी, मैदानावर मी पहिल्यांदा पाय न टेकता चालवली. मागून त्याचा आवाज येत होता, "सामने देखो वहिनी, मी आहे ना मागे." मग आवाज बंद झाला. मला वाटलं, मुद्दाम सोडलं मला. मी टोकापर्यंत गेले, वळले, तर तो मातीत पालथा पडलेला. मी पोचेपर्यंत उठून बसला होता. हनुवटी खरचटली होती, ओठ पांढरे पडले होते. म्हणाला, "नाश्ता नहीं किया ना, म्हणून." पाणी प्यायला, हसला. मग म्हणाला, "आईला नको सांगू. रविवारी शाहपूरचे पाहुणे येताहेत. बेहोश होणारा पोरगा कोण पसंत करेल?"

मीही हसले, निशा.

त्याने शपथ घातली होती म्हणून मी गप्प राहिले, असं मी इतके दिवस मनाशी म्हणत आले. त्याने शपथ घातली नव्हती. एकदाच म्हणाला, तेही हसत. पण पूर्णिमा माझ्या मावशीची मुलगी. ते स्थळ मी आणलं होतं, दोन वर्षं मावशीच्या मागे लागून. या घरात माझ्या माहेरचं एक माणूस यावं, असं मला फार वाटत होतं. रविवारी पाहुणे आले, हनुवटीला काय झालं विचारलं, तर मीच पुढे होऊन सांगितलं की दाढी करताना लागलं.

डॉक्टरकडे जा असं मी त्याला दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी म्हणाला, जाऊन आलो, अशक्तपणा सांगितला. मी चिठ्ठी मागितली नाही. तो गेलाच नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. जानेवारीत साखरपुडा झाला. तू नाचलीस, तोही नाचला, मी त्याच्याकडे बघत राहिले होते. तू विचारलंस, "वहिनी, असं काय बघता?" मी म्हटलं, दृष्ट लागेल म्हणून.

सत्तावीस फेब्रुवारीला तो आशाबाईंच्या मागे धावत होता. त्यांनाही माझ्यासारखंच वाटलं, की सोडलं. टोकाला जाऊन वळल्या. या वेळी तो उठला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी दादांना विचारलं, "याआधी कधी चक्कर येऊन पडला होता का?" दादा म्हणाले, "कधीच नाही, साहेब, एकदम तंदुरुस्त होता." मी शेजारी उभी होते. माझ्या हातात रितेशचा मोबाइल वाजत होता, साडेसातला शिकायला येणाऱ्या बाईचा फोन होता. मी खाली बघून तो कट केला.

आणि गेल्या शुक्रवारी तुझा फोन आला. पापड वाळत घालायला गच्चीवर चढलीस, डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्धीवर आलीस तेव्हा पायरीवर पडलेली होतीस. तू म्हणालीस, रडून रडून अशक्तपणा आलाय. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि त्या रात्री पाठ टेकवली नाही.

शनिवारी सकाळी एकटीच त्या डॉक्टरांकडे गेले आणि डिसेंबरचं सगळं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले की हृदयाचे असे काही आजार एकाच घरातल्या भावंडांत असू शकतात. तुझं काही निघेलच असं नाही, पण इसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी लगेच करायला हवी, थांबायचं नाही. वेळेवर कळलं तर औषधं आहेत, उपाय आहेत, माणसं चांगली म्हातारी होतात. हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

त्याच दुपारी दादांना सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "मी डॉक्टरांना 'कधीच नाही' म्हटलं, तेव्हा तू माझ्या शेजारी होतीस." त्यानंतर कामापुरतं बोलतात. सोमवारी त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली, सध्या तरी ठीक आहे. निरंजनरावांना फोन करून तुझ्यासाठी अकोल्यात डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली. कशासाठी, ते सांगितलं नाही. "ते तू तुझ्या हाताने लिही," असं मला म्हणाले.

काल आशाबाईंकडे गेले. त्यांनी गाडीवर चादर टाकून ठेवली आहे, त्या दिवसानंतर हात लावला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मला शिकवता शिकवता नाही मेला तो? माझ्यामुळे नाही?" मी नाही म्हटलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "मग चाळीस दिवस कुठे होतीस गं?" चहा न विचारता त्यांनी मला दारापर्यंत सोडलं.

पूर्णिमाला सांगायचं आहे. आई-नानांना सांगायचं आहे. तुझा रिपोर्ट आला की सांगेन, त्याआधी त्यांच्या जिवाला आणखी घोर नको. हा निर्णय पुन्हा मीच घेते आहे, हे मला कळतं. दादांना विचारून घेतला आहे, एवढाच फरक.

आई उठल्या. बांगड्या वाजल्या.

दादा उद्या पहाटेच्या गाडीने निघतील, हे पत्र त्यांच्या खिशात असेल. तू वाचशील तेव्हा ते तुझ्यासमोर बसलेले असतील. त्यांना काही विचारू नकोस, त्यांना बोलता येणार नाही. डॉक्टरांची वेळ साडेअकराची आहे. माझं काय करायचं ते नंतर ठरव. आत्ता चपला घाल आणि त्यांच्याबरोबर नीघ.

मनीषा