पान एकशे बारावरचं उदाहरण

गंज पेठ, पुणे
१२ ऑगस्ट १९७८

माननीय प्रा. शरच्चंद्र दाबके यांस,
शकीला मन्सूर मुजावर हिचा सा. न. वि. वि.

मी प्रथम वर्ष कला शाखेत शिकते आणि आपलं समाजशास्त्राचं पुस्तक आम्हाला लावलेलं आहे. विषय अगदी सोपा करून मांडला आहे असं आपण प्रस्तावनेत म्हणता, ते वाचून सुरुवातीला धीर आला होता. आता मात्र सहावं, सातवं आणि आठवं ही तीन प्रकरणं मला एकमेकांशी भांडताना दिसतात आणि मधल्या मध्ये माझं डोकं फिरतं.

सहाव्या प्रकरणात, सामाजिक नियंत्रणाखाली, पान एकशे बारावर आपण एक उदाहरण दिलं आहे. पुण्यातल्या एका पांढरपेशा घरातल्या मुलीनं १९५८ साली परधर्मातल्या कारागिराशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तेव्हा कुटुंबप्रमुखानं ती मेली असं समजून तिच्या नावानं अंघोळ केली, घरातल्या सर्वांनी तसंच केलं आणि त्यामुळे कुटुंबाची एकात्मता अबाधित राहिली. माझी शंका अशी, की एक माणूस वजा झाल्यावर एकात्मता अबाधित कशी राहते? सातव्या प्रकरणात आपणच लिहिता, की संघर्षवादी अभ्यासक अशा वेळी विचारतो, नियम केला कोणी आणि सोसला कोणी. मग तो प्रश्न पान एकशे बाराला कोणीच का विचारत नाही? आणि आठवं प्रकरण म्हणतं, एखाद्या कृतीला माणसं जो अर्थ देतात तोच तिचा अर्थ. त्या मुलीनं हा अर्थ मानलाच नसेल, तर ती मेली की नाही? आमच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे परीक्षेला येत नाही.

आता लिहिण्याचं खरं कारण सांगते. माझ्या आईचं माहेरचं नाव सुनीती गोपाळकृष्ण दाबके. अब्बांचा बुकबाइंडिंगचा छोटा कारखाना आहे. आई जिवंत आहे, तिची तब्येत चांगली आहे. मंडईत तिला अधूनमधून आजी, म्हणजे तुमच्या आई, दिसतात. मग ती कांदेबटाट्याच्या गाळ्याआड उभी राहते आणि त्या गेल्या की भाजी घेते. मी विचारलं तर म्हणते, त्यांना उगाच अवघडायला नको. आईनं तुमच्याकडे कधी काही मागितलेलं नाही, म्हणून मी मागते. आजींना तिला एकदा भेटायचं आहे की नाही, एवढं विचारून कळवाल का? म्हणजे आई तुमच्या घरात नेमकी कोणत्या प्रकरणात आहे ते मला समजेल.

उद्धटपणा वाटला तर विद्यार्थिनी म्हणून पोटात घालावा.

आपली (कोण, ते आपणच ठरवावं),
शकीला


नारायण पेठ, पुणे
१९ ऑगस्ट १९७८

कु. शकीला हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आधी कु. लिहिलं, ते खोडून चि. लिहिलं, मग पुन्हा कु. लिहिलं. यात तीन आंतरदेशीय पत्रं वाया गेली, म्हणून हे साध्या कागदावर लिहितो आहे.

सतरा वर्षं मी मुलांना दर्जा आणि भूमिका शिकवतो. प्राध्यापक म्हणून तुझ्या शंकांचं निरसन करावं, की मामा म्हणून तोंड लपवावं, हे मला आठवडाभर ठरवता आलं नाही. याला पुस्तकात भूमिकासंघर्ष म्हणतात. पान सत्तेचाळीस. तिथे मी तो दोन ओळींत उरकला आहे, आणि तो दोन ओळींचा नाही हे आता कळतं.

इंग्रजी पुस्तकांतली उदाहरणं आपल्या मुलांना परकी वाटतात, तेव्हा देशी उदाहरणं द्या, असा प्रकाशकांचा आग्रह होता. देशी उदाहरण शोधायला माणूस फार लांब जात नाही. नाव घातलं नाही, कोण ओळखणार, असं वाटलं. ज्याच्याविषयी लिहिलं तो ते वाचेल, हे लेखकाच्या कधी मनातच येत नाही.

त्यातही लाजिरवाणी गोष्ट ही, की त्या दिवशी मी घरी नव्हतोच. वीस वर्षांचा होतो, सुट्टीला नाशिकला मावशीकडे गेलो होतो. आबांचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं, पोस्टकार्ड आलं. आम्ही सुनीतीच्या नावे स्नान केले आहे, तूही करून घेणे, बाकी क्षेम. मे महिना होता. मी दिवसातून दोनदा गोदावरीत डुंबत होतो. त्यातली नेमकी कोणती डुबकी तिच्या नावाची धरायची ते मला तेव्हाही कळलं नाही. पुस्तकात मात्र घरातल्या सर्वांनी, असं ठोकून दिलं. डोळ्यांनी पाहिलं नाही ते निरीक्षण म्हणून लिहू नये, हे दुसऱ्या प्रकरणात मीच बजावलं आहे.

आबा एकोणसत्तर साली गेले. तेव्हा ताईला कळवावं की नाही याचा मी विचार करत राहिलो आणि विचार संपेपर्यंत तेरावा झाला. आई माझ्याकडेच असते. वीस वर्षांत तिच्यापुढे ताईचं नाव निघालेलं नाही. तुझा प्रश्न तिला विचारीन. कधी, ते विचारू नकोस. हे पत्र तुझ्या आईला दाखवू नयेस असं वाटतं, आणि दाखवावंस असंही वाटतं.

कळावे. मला फारसं कळलेलं नाही. तुला कळलं तर कळवावे.

शरच्चंद्र दाबके


गंज पेठ, पुणे
२५ ऑगस्ट १९७८

ती. मामांस,
शकीलाचा शि. सा. न. वि. वि.

मायना आईनं सांगितला. मामा आहे तर मामा लिही, पोस्टमनला कसली लाजतेस, म्हणाली. म्हणजे तुमचं पत्र तिला दाखवलं हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मला वाटत होतं, मी तिला फार मोठी बातमी देते आहे. तिनं शांतपणे विचारलं, पान एकशे बारा ना, तळातून सातवी ओळ? मामा, तुमचं पुस्तक आमच्याच कारखान्यात बांधलं गेलं. अब्बांनी तुमचं नाव वाचून छापखान्याकडून ते काम मुद्दाम मागून घेतलं होतं. छापून आलेल्या मोठ्या कागदांना, म्हणजे फर्म्यांना, घड्या घालायचं काम घरी आई आणि अब्बांची बहीण बिलकिसफूफी करतात. ते पान ज्या फर्म्यात होतं, त्याला आईनं फूफीला हात लावू दिला नाही. दोन हजार प्रतींच्या घड्या एकटीनं घातल्या. अब्बांना वाटलं, भावाचं पुस्तक म्हणून कौतुकानं करते आहे. त्यांनी अजून ते पान वाचलेलं नाही. आम्हीही सांगितलेलं नाही.

मी फार चिडले होते. आई मात्र हसायला लागली. आबा आणि दुसरी अंघोळ, म्हणाली, नरकचतुर्दशीलासुद्धा आजी त्यांना दहा हाका मारायच्या तेव्हा ते उठायचे. खूप हसली आणि हसता हसता रडायला लागली. वर मलाच दटावलं, की अभ्यासाचं बघ. आता मला काहीच समजेनासं झालं आहे. मी रागावू कोणावर? आबा नाहीत, आईला राग येत नाही, आणि तुम्ही तर सगळं कबूल करून मोकळे झालात.

इकडचं सांगते. दादामियाँ, म्हणजे अब्बांचे वडील, लग्नानंतर अब्बांशी बोलेनासे झाले होते. मग माझी चाहूल लागल्यावर न बोलताच रोज डाळिंबं आणून आईपुढे ठेवायला लागले. त्यांचा अबोला कधी सुटला ते कोणालाच आठवत नाही. हे कोणत्या प्रकरणात घालायचं? नियंत्रण म्हणावं तर डाळिंबं आडवी येतात.

आजींना विचारलंत का? दुसऱ्या आवृत्तीचे फर्मे दिवाळीनंतर येतील असं अब्बा म्हणतात. त्याआधी विचारा. आईला त्या पानाच्या पुन्हा घड्या घालायला लागू नयेत, एवढं तरी करा.

उत्तराची वाट बघणारी तुमची भाची,
शकीला


नारायण पेठ, पुणे
११ सप्टेंबर १९७८

ती. सुनीताईस,
शरदचा सा. न. वि. वि.

वीस वर्षांनी तुला लिहितो आहे. कुठून सुरुवात करावी ते न सुचल्यामुळे एकदम मुद्द्यावर येतो.

गेल्या मंगळवारी आईला विचारलं. ती वाल सोलत होती. सूप तिथेच ठेवून उठली आणि पुढे पाच दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. श्यामलाबाई दाबके यांचं सामाजिक नियंत्रण आबांपेक्षा कडक, हे तुला मी काय सांगावं. काल सकाळी आपण होऊन बोलली. त्या दिवशी तुझी चिठ्ठी वाचून आबा न्हाणीघरात गेले, दार लावलं, बादली ओतल्याचा मोठा आवाज झाला. शेजारच्यांनीही ऐकला. पण नंतर आईनं वाळत टाकायला म्हणून त्यांचा पंचा हातात घेतला, तर तो कोरडा ठणठणीत!

ताई, पाणी नुसतंच मोरीत गेलं! आबांनी आवाज केला, तो लोकांनी ऐकला, लोकांनी मानलं, मी वीस वर्षांनी पुस्तकात छापलं. तुझ्या नावानं कोणी अंघोळ केलीच नाही. हे कळल्यापासून मला इतका आनंद झाला आहे, आणि त्याच वेळी इतकी शरम वाटते आहे, की मी आज वर्गात तिसरं प्रकरण समजून अर्धा तास पाचवंच शिकवलं. एकाही मुलाच्या लक्षात आलं नाही. एका बादलीच्या आवाजावर आपण वीस वर्षं घालवली! ते उदाहरण मुळातच खोटं. दुसऱ्या आवृत्तीतून मी ते काढून टाकतो आहे.

आता तू घरी ये. मन्सूररावांना घेऊन ये, शकीलाला आण. कधी येतेस ते कळव.

आईला हे पत्र वाचून दाखवलं. ती बरं म्हणाली, नि सोबत तिचंही पत्र घालायला दिलं. पाकीट तिनं स्वतः चिकटवलं आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायची अजून सोय असेल तर,
तुझा शरद


नारायण पेठ, पुणे
११ सप्टेंबर १९७८

चि. सौ. सुनीतीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

शरदनं तुला लिहिलं आहे ते खरं आहे. पण मी त्याला अर्धंच सांगितलं. सगळं सांगितलं असतं तर ते पुन्हा पुस्तकात गेलं असतं.

त्या दिवशी हे न्हाणीघरात गेले. पाण्याचा आवाज आला. मला वाटलं, यांनी केलं, म्हणजे आता आपल्यालाही केलं पाहिजे. बाहेर आले ते माझ्याकडे न बघता खोलीत गेले. मग मी आत गेले आणि डोक्यावरून दोन तांबे पाणी घेतलं. तुझं नाव घेऊन घेतलं. बाहेर येऊन लुगडं वाळत घालताना यांचा पंचा हाती आला, तो कोरडा होता. मी वळून पाहिलं तर हे दारात उभे. माझ्या ओल्या केसांकडे बघत होते.

पुढे अकरा वर्षं आम्ही एका घरात राहिलो. त्यांनी केलं नव्हतं हे मला ठाऊक, मी केलं होतं हे त्यांना ठाऊक. दोघांनीही तोंडातून शब्द काढला नाही. त्यांचं बघून मी केलं, आणि त्यांनी तर केलंच नव्हतं. याला काय म्हणायचं ते मला समजत नाही. तुझी मुलगी शिकते आहे, तिला विचारून बघ.

लोक म्हणत, आबांनी लेकीला टाकलं. मी म्हणू दिलं. त्यांच्या मनात तुझ्याकडे जायचं होतं आणि माझे ओले केस बघून ते अडले, असं तर नसेल? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. उत्तर द्यायला ते नाहीत. मला तुझा राग आला होता, की शेजारणींची भीती वाटली होती, हेसुद्धा आता धड आठवत नाही. माणूस गेलं की तेरा दिवसांत सुतक फिटतं. तुझं काही फिटलं नाही. तू होतीस ना, फिटणार कसं?

शरद म्हणतो तू घरी ये. तू येऊ नकोस. अंघोळ मी केली, तर यायचं मी. गुरुवारी सकाळी येईन म्हणते. गंज पेठ काही लांब नाही. तू दार उघडलं नाहीस तर तशीच माघारी फिरेन आणि मनात काही धरणार नाही. जावयांना आशीर्वाद सांगायचा की आणखी काही, ते मला माहीत नाही. त्यांना जे चालेल ते सांग.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो मागायचा हक्क मी दोन तांब्यांत घालवला. तरी मागते.

तुझी आई


गंज पेठ, पुणे
१२ सप्टेंबर १९७८
शकीलाच्या हाती

ती. आईस,
सुनीतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुपारी मिळालं. चार वेळा वाचलं. आबांवर मला कधी रागावता आलं नाही. तुझ्यावर मात्र राग आलाय, खूप आलाय, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच आलाय. असा राग आल्यावर माणसाला इतकं हलकं का वाटतं, ते शकीलाच्या पुस्तकात कुठे सापडेना.

गुरुवारपर्यंत थांबायला मला जमणार नाही. उद्या सकाळी नऊ वाजता मन्सूर रिक्षा घेऊन तुला न्यायला येतील. त्यांना खाली उभं ठेवू नकोस. वर बोलाव, बसायला सांग, चहा दे. मग दोघं मिळून या.

तुझी सुनीती